कऱ्हाकाठचा वाडा



‘बिऱ्हाड पाठीवर’ हा वाक्प्रचार आपण कांहींशा उपहासानें योजतों. बारामती-इंदापुराकडील मेंढपाळ धनगरांचें बिऱ्हाड मात्र खरोखरच पाठीवर असतें; घोड्याच्या पाठीवर. दिवाळी झाली कीं तें कऱ्हाकाठचे उघडे माळ सोडून घाट उतरतें आणि समुद्राजवळच्या भातखाचरांत जाऊन राहतें. या लोकांना आपण ‘भटके’ म्हणतों. तें नांव त्यांना कितपत लागू पडतें, एवढाच आज विचार करूं.

कऱ्हाटीचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. येथें वर्षाकाठीं सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस. कोंकणांत त्याच्या पांचपट, क्वचित् त्याहूनहि अधिक. म्हणून पाऊस सरला कीं माळावरचें गवत लौकरच करपूं लागतें. याच सुमारास कोंकणांत भाताची कापणी होऊन खाचरें मोकळीं होतात. इकडे मेंढरांना चारा नाहीं, तिकडे जमिनीला खत हवें आहे. या दोन गरजांना जोडणारी वाट हीच वाड्याची वाट. धनगरांचा हा ‘वाडा’ दगडामातीचा नव्हे. एकत्र चालणाऱ्या कुटुंबांच्या तळाला तें नांव आहे.

घोड्यावर पाल, भांडीं, धान्य, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोकरें आणि कधीं कधीं तान्हें मूलहि असतें. स्त्रिया घोडीं घेऊन ठरल्या मुक्कामाकडे निघतात. पुरुष मेंढरें चारीत आडवाटेनें येतात. सायंकाळीं वाघर, म्हणजे जाळ्याचें कुंपण, उभारून कळप शेतांत बसवितात. रात्रभर पडलेल्या लेंडीखताचा मोबदला शेतकरी धान्यानें किंवा पैशानें देतो. पावसाळ्यापूर्वीं मात्र परतलेंच पाहिजे. दख्खनी मेंढरूं कोरड्या हवेचें. कोंकणच्या चिखलांत त्याचे खुर कुजतात. परतलेल्या कळपांच्या मुलुखांत आषाढवारीच्या वेळीं तुकोबांची पालखी येते, तेव्हां काटेवाडीस तिच्याभोंवतीं मेंढरांचें रिंगण होतें.

या वाटेचा इतिहास कागदांत थोडा आणि कथांत पुष्कळ आहे. जेजुरीच्या खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची लेक. तिच्यासाठीं देवानेंहि मेंढरें राखलीं, असें कथा सांगते. १६९३ सालीं नीरेकाठच्या होळ गांवीं जन्मलेल्या मल्हाररावांना, वडील वारल्यावर, आई खानदेशांत तळोद्यास आपल्या भावाकडे घेऊन गेली. तेथें मामाचीं मेंढरें राखणारा तो मुलगा पुढें होळकरांच्या राज्याचा संस्थापक झाला. एका विधवेनें लहान मूल घेऊन एवढा पल्ला गांठला याचें आपणांस नवल वाटतें. मेंढरांमागें चालणाऱ्या कुळांतील स्त्रीला तें तितकेंसें वाटलें नसेल.

पुढें वाट अरुंद होत गेली. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांत चराईवर बंधनें आलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. त्यानें बारामतीकडील कित्येक गांवांचें दैन्य फिटलें, हें निर्विवाद. पण उसाचें रान मेंढरांना मोकळें नसतें. आज माळांना कुंपणें पडत आहेत आणि घाटरस्त्यांवर भरधाव मोटारींतून कळप न्यावा लागतो. सर्वांत मोठें नुकसान मुलांचें. वाड्याबरोबर गेलेल्या मुलाची शाळा बुडते. गांवीं आजीजवळ राहिलेल्याची शाळा होते, पण कळपाची विद्या हुकते.

जाण्याची वेळ ठरलेली, परतण्याची ठरलेली, मुक्काम बहुधा ओळखीचे. यास भटकणें कसें म्हणावें? हा केवळ शब्दाचा वाद नाहीं. ज्या वाटेला वेळापत्रक आहे, तिच्या मुक्कामांवर मुलांना शिक्षक आणि मेंढरांना गुरांचा डॉक्टर भेटूं शकतो. ‘भटके’ म्हणून आपण मोकळे झालों, तर ती सोय आपल्या मनांतहि येणार नाहीं.