रुमाल टाकून नाही, पैसे टाकून: शेजारच्या रिकाम्या सीटची गोष्ट

आजचा विषय फार मोठा नाही, जेमतेम सतरा-अठरा इंच रुंद आहे. विमानातली आपल्या शेजारची सीट. ती रिकामीच राहावी म्हणून काही लोक चक्क दुसरं तिकीट काढतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर "जरा सरका" म्हणत चौथी सीट मिळवणारी. पैसे मोजून जागा रिकामी ठेवायची, हे आपल्याला पटकन पचत नाही.

पण विमान कंपन्यांना ही मागणी जुनी आहे. बुकिंगच्या यंत्रणेत तिच्यासाठी वेगळी अक्षरंच आहेत: 'ईएक्सएसटी', म्हणजे एक्स्ट्रा सीट. त्या जागेवर प्रवाशाच्या नावाऐवजी ही अक्षरं पडतात. जादा सीटचं एक ओळखीचं गिऱ्हाईक म्हणजे सेलो वाजवणारे कलाकार. एवढं मोठं, नाजूक वाद्य सामानाच्या कप्प्यात टाकायला जीव धजत नाही, मग त्याचं पूर्ण तिकीट काढायचं आणि त्याला पट्टा बांधून शेजारी बसवायचं. लिन हॅरेल या नामांकित अमेरिकन सेलोवादकाने तर वाद्याच्या नावाने मैल जमा करणारं खातंही उघडलं होतं. 2012 मध्ये डेल्टा कंपनीने सेलोचं आणि हॅरेल यांचं, दोन्ही खाती बंद केली. सेलोच्या तिकिटाचे पैसे चालतात, मैल मात्र नाहीत!

आता मागे जाऊ. एकेकाळी अमेरिकेत ही रिकामी सीट फुकट मिळायची. 1938 च्या कायद्यानंतर तिथली विमानभाडी सरकारी मंडळ ठरवायचं. भाडं कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नाही म्हटल्यावर कंपन्या आरामावर भांडायच्या. जेवण चांगलं, जागा ऐसपैस. 1970 च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सने जम्बो विमानात पियानो ठेवला होता, खरंच. तिकीट महाग, त्यामुळे विमानं अर्ध्याहून थोडीच जास्त भरायची. शेजारी कोणी नसणं ही नेहमीची गोष्ट होती. पण त्या आरामाचे पैसे तिकिटात आधीच धरलेले असायचे, आणि ज्यांना ते परवडत नव्हते ते विमानात चढतच नव्हते. "जुना काळ किती छान" म्हणणारे हे सोयीने विसरतात, असं मला वाटतं.

ऑक्टोबर 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भाड्यांवरचं नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. भाडी घसरली, विमानं भरू लागली, रांगा जवळ आल्या. पुढे 80 टक्क्यांहून जास्त भरलेलं विमान नेहमीचं झालं. आणि मग एक प्रश्न उभा राहिला, जो अर्ध्या रिकाम्या विमानात कुणाला पडलाच नव्हता: तिकीट माणसाचं असतं की खुर्चीचं?

साउथवेस्ट कंपनीने सरळ उत्तर दिलं, खुर्चीचं. हात टेकायचा दांडा ही हद्द. शरीर त्यापलीकडे गेलं तर दुसरी सीट घ्या. फेब्रुवारी 2010 मध्ये दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांनी त्यांच्या विमानासाठी दोन सीट घेतल्या होत्या. ते लवकर पोचले, आधीच्या विमानात एकच जागा होती, तिथे बसले आणि त्यांना खाली उतरवलं गेलं. स्मिथ यांनी ट्विटरवर जाहीर भांडण काढलं, कंपनीला माफी मागावी लागली. प्रसिद्ध माणूस होता म्हणून बातमी झाली. बाकीचे गपचूप उतरत असणार.

कॅनडाने मात्र उलटं ठरवलं, आणि या सगळ्या गोष्टीत मला तोच भाग मोलाचा वाटतो. अपंगत्वामुळे ज्यांना मदतनीस सोबत न्यावाच लागतो, किंवा स्थूलतेमुळे आलेल्या अपंगत्वाने ज्यांना दोन जागा लागतात, त्यांनी दुप्पट भाडं का द्यायचं? जानेवारी 2008 मध्ये तिथल्या परिवहन प्राधिकरणाने आदेश दिला: देशांतर्गत प्रवासात एक माणूस, एक भाडं. प्राधिकरणाने हिशेबही मांडला. बोजा सगळ्या तिकिटांवर वाटला, तर एअर कॅनडाला तिकिटामागे सुमारे 77 सेंट आणि वेस्टजेटला 44 सेंट. एक डॉलरसुद्धा नाही! कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, पण न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. आदेशात एक रेघ स्पष्ट ओढलेली होती: अपंगत्वामुळे गरज नसेल, तर दुसरी सीट मिळणार नाही. गरज असेल तर खर्च सगळ्यांचा, हौस असेल तर ज्याचा त्याचा.

मग आला कोरोना, आणि शेजारच्या रिकाम्या सीटचा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयात पोचला. मार्च 2020 च्या सरकारी परिपत्रकात मधली सीट मोकळी ठेवायला सांगितलं होतं. परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या विमानांत ते पाळलं जात नाही, अशी तक्रार एअर इंडियाच्याच एका पायलटने केली. 25 मेला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली; सरन्यायाधीश होते आपले नागपूरचे शरद बोबडे. 6 जूनपर्यंत मधली सीट भरायला परवानगी मिळाली, पुढचा निर्णय उच्च न्यायालयावर सोपवला. 15 जूनला उच्च न्यायालयानेही काळजी घेऊन सीट भरायला हरकत नाही म्हटलं.

जे नियमाने मिळालं नाही ते सव्वा महिन्यात विकायला आलं. 24 जुलै 2020 पासून इंडिगोने एकाच प्रवाशाला दोन सीट घेण्याची योजना काढली. दुसऱ्या सीटचा दर मूळ तिकिटाच्या 25 टक्क्यांपर्यंत. एवढी स्वस्त का, हे सांगायला नको. विमानं तशीही पूर्ण भरत नव्हती.

साउथवेस्टचं काय झालं? दुसऱ्या सीटचे पैसे प्रवासानंतर परत मागायची सोय त्यांच्याकडे बरीच वर्षं होती. जानेवारी 2026 पासून तिला अट लागली: विमान किमान एक सीट रिकामी ठेवून सुटलं असेल, तरच पैसे परत. विमान गच्च भरलं, तर गेले.