वृद्धाश्रम: निवारा मिळाला, शुश्रूषेचं काय?

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम बघायला गेलात, तर तुमची नजर आधी कुठे जाते? खोली, बाग, देवघर, जेवण आणि महिन्याचे पैसे. त्यात काही चूक नाही. पण डॉक्टर म्हणून मी आधी दोन वेगळेच प्रश्न विचारीन. गेल्या तीन महिन्यांत इथे किती जण पडले? आणि अंथरुणाला खिळलेल्यांची कूस रात्री कोण बदलतं?

हे प्रश्न आपल्याला सहसा सुचत नाहीत. कारण आपल्याकडे वृद्धाश्रम सुरू झाला तो निराधारांचा आसरा म्हणून. ती शुश्रूषेचीही जागा आहे, हे समजायला जगाला बराच काळ लागला आणि आपल्याला अजून लागतो आहे. हा इतिहास थोडक्यात बघू या, कारण आजचा धोका त्यातूनच कळतो.

अनाथ आणि पंगू

पुण्यातलं ससून रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या डेव्हिड ससून यांच्या नावाची आणखी एक संस्था पुण्यात आहे. १८६० च्या दशकात सुरू झालेलं ‘डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह’. नवी पेठेतली ही संस्था आज ‘निवारा’ म्हणून परिचित आहे. जुन्या नावातले शब्द बघा: अनाथ आणि पंगू. ज्याला कोणी नाही आणि ज्याचं शरीर चालत नाही, त्याला छप्पर आणि दोन घास द्यायचे. त्या काळात हीच मोठी गोष्ट होती.

इंग्लंडमध्येही चित्र फार वेगळं नव्हतं. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानंतर निराधार म्हातारी माणसं ‘वर्कहाऊस’मध्ये जात. तिथे ती वर्षानुवर्षं खाटेवर पडून राहत. म्हातारपण आहे, आता काय व्हायचं, असं सगळेच धरून चालत.

‘म्हातारपण’ हे निदान नव्हे

१९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातल्या डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या अशाच वर्कहाऊसमधले ७१४ रुग्ण सोपवण्यात आले. त्यांनी केलेली गोष्ट वरवर साधी होती. प्रत्येकाला स्वतंत्रपणे तपासलं. याला पक्षाघात आहे, हिला संधिवात आहे, याचं मन खचलं आहे आणि याला तर फक्त कोणी उभंच केलेलं नाही, अशी वर्गवारी केली. मग व्यायाम, चालण्याचा सराव, चांगला उजेड. वर्षानुवर्षं खाटेवर असलेले कितीतरी जण उठून चालू लागले, काही घरीही गेले. वृद्धांच्या आधुनिक वैद्यकशास्त्राचा पाया इथे घातला गेला.

१९६२ मध्ये इंग्लंडमधूनच दोन महत्त्वाची पुस्तकं आली. समाजशास्त्रज्ञ पीटर टाऊनसेंड यांनी १७३ वृद्धाश्रमांना भेटी देऊन तिथलं एकाकी, रिकामं आयुष्य लोकांसमोर मांडलं. आणि परिचारिका डोरीन नॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडसोअरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी बेडसोअरवर नाना तऱ्हेचे लेप आणि मलमं चोळत. नॉर्टन यांना दिसलं की खरा फरक पडतो तो ठरावीक वेळाने कूस बदलल्याने. कोणाला धोका जास्त आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींची मोजपट्टी केली: शरीराची एकंदर स्थिती, मनाची स्थिती, हिंडणं-फिरणं, अंगाची हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा. एकूण गुण २०. १४ किंवा कमी असतील तर धोका. त्याला यंत्र लागत नाही, फक्त माणसाकडे नीट बघावं लागतं.

तिसरा धडा अमेरिकेतला. तिथल्या नर्सिंग होममध्ये वृद्ध पडू नयेत म्हणून त्यांना खुर्चीला किंवा खाटेला बांधून ठेवत. १९८७ च्या कायद्याने, केवळ सोयीसाठी बांधलं न जाण्याचा हक्क रहिवाशांना मिळाला. बांधल्याने माणूस सुरक्षित राहतो ही समजूत अभ्यासात टिकली नाही. उलट स्नायू झिजतात, तोल जातो, बेडसोअर होतात, आणि सुटण्याच्या धडपडीत इजा जास्त गंभीर होते. झोपेच्या गोळ्या देऊन गप्प बसवणं हेही बांधण्याचंच एक रूप आहे, हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात काय झालं?

स्वयंसेवी संस्थांना अनुदान देणारी राज्य शासनाची वृद्धाश्रम योजना १९६३ सालची. पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ५५ वर्षांची अट. १९९५ मध्ये ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना आली. २००७ मध्ये केंद्राचा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला आणि २०१० मध्ये त्याचे महाराष्ट्राचे नियम. या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असं म्हटलं आहे. पण शासन तो स्थापन ‘करू शकेल’, अशी भाषा आहे. ‘करेलच’ अशी नाही.

मधल्या काळात आपली घरं बदलली. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या भागांतून आधीची पिढी मुंबईच्या गिरण्यांत गेली, पुढची पुण्यात आणि परदेशात. आज वृद्धाश्रमात येणारे सगळेच निराधार नसतात. मुलं आहेत, पेन्शन आहे, पण घरी बघायला माणूस नाही. ते येतात तेव्हा सोबत मधुमेह, ब्लड प्रेशर, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, लघवीची नळी असं बरंच काही असतं. म्हणजे नाव आश्रमाचं आणि काम अर्ध्या रुग्णालयाचं.

रुग्णालयाला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याची चौकट आहे. वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असेल, तर त्यातून न्यासाचा कारभार आणि हिशेब तपासला जातो, कूस कोण बदलतं हे नाही. सर्व वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण ते मंजूर झालं नाही.

याची किंमत मोठी असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात ६७ जणांना कोविडची लागण झाली. १ जानेवारी २०२३ ला दिल्लीत ज्येष्ठांच्या एका निवासात आग लागून दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. आपल्याकडे तर पूर आहे. २००५, २०१९, २०२१ हे पूर कराड-सांगलीकर विसरलेले नाहीत. नदीकाठच्या वृद्धाश्रमात चालता न येणारे वीस जण असतील, तर त्यांना कोण, कशातून, कुठे हलवणार?

म्हणून जाल तेव्हा हे विचारा

१. पडण्याची नोंदवही आहे का? ‘आमच्याकडे कोणी पडत नाही’ हे उत्तर ऐकून निर्धास्त होऊ नका. या वयात माणसं पडतातच. नोंद असेल तर कारण सापडतं: ओली फरशी, रात्रीचा अंधार, लघवीची घाई, नवीन गोळी, उठल्यावर उतरणारं ब्लड प्रेशर.

२. रात्री किती माणसं जागी असतात? दिवसाचा आकडा सगळेच सांगतात.

३. औषधं कोण देतं आणि कुठे लिहितं? डॉक्टर सगळ्या गोळ्यांचा फेरआढावा कधी घेतात?

४. दर महिन्याला वजन करतात का? घटणारं वजन हा पोटात अन्न जात नसल्याचा किंवा आजाराचा पहिला इशारा असतो.

५. कोणाला बांधून ठेवतात का? का, किती वेळ, कोणाच्या सांगण्यावरून?

६. आग आणि पुराच्या वेळी काय करायचं, याचा सराव झाला आहे का?

७. न सांगता भेटायला आलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर बाकीची उत्तरं कितीही गोड असली तरी दुसरी जागा बघा.

आणि आई-वडिलांना ठेवून आल्यावर आपलं काम संपत नाही. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तिथली तपासणी करणारे अधिकारी तुम्हीच आहात. भेटायला जाल तेव्हा फळांची पिशवी न्याच, पण टाचा आणि माकडहाडाजवळची कातडीही बघा. लाल दिसली तर त्याच दिवशी सांगा. तक्रार करायची असेल किंवा सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७ आहे. हा नंबर आई-वडिलांच्या फोनमध्येही भरून ठेवा.