वैनगंगा ओलांडून अपोलो बंदराला

डोळे उघडे ठेवा, नाहीतर डोंग्यातून पडाल. डोंगा इतका भरलाय की काठावर हात ठेवला तरी बोटं वैनगंगेच्या पाण्यात बुडतात. शेजारी एक बकरी, तांदळाची दोन पोती, आणि वल्हं मारणाऱ्या माणसाच्या घामाचा उग्र वास. साल 1955. दिवस-महिना विचारू नका. मागच्या काठावरची गडचिरोली अजून चांदा जिल्ह्यातली तहसील आहे. तुम्ही विशीत आहात, गणित घेऊन बी.एस्सी. झाला आहात आणि मुंबईला निघाला आहात. फडक्यात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी आहे. डोंग्यातच खाऊ नका, वाट लांब आहे.

पलीकडे बैलगाडी, मग मूलला छोटी गाडी. हिचे रूळ अरुंद, डबे बुटके, आणि चाल अशी की बाजूच्या सागाची पानं मोजता यावीत. इंजिनाचा धूर खिडकीतून सरळ नाकात शिरतो. चांदा फोर्टला उतरता तेव्हा सदऱ्याची कॉलर काळी झालेली असते. टांगा करून मोठ्या स्टेशनात या. बाजूच्या रुळांवर सागवानाच्या ओंडक्यांनी भरलेल्या वाघिणी उभ्या आहेत. ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास आणि कोळशाची भुकटी घशात एकत्रच उतरते. वर्ध्याला गाडी बदला. थर्ड क्लासच्या लाकडी बाकावर टेकायला चार बोटं जागा मिळाली तरी पटकन बसा. समोरचे काका विचारतातच, "मुंबईले चाल्ला का बाप्पा? कोन्या कामानं?" गणित शिकायला, असं सांगा. ते हातातली विडी विझवतात आणि सरकून आणखी थोडी जागा देतात.

बोरीबंदर. इथली हवा आपल्याकडच्यासारखी भाजत नाही, अंगाला चिकटते. ट्रामची घंटा, घोड्याची लीद, इराण्याच्या भट्टीतला पाव, आणि कुठूनसा खारट वारा. फ्लोरा फाउंटनवरून चालत अपोलो बंदराकडे या. उजवीकडे-डावीकडे बघण्यात वेळ घालवू नका. गेटवे ऑफ इंडियाच्या शेजारी जुन्या यॉट क्लबची दगडी इमारत आहे. साहेबांच्या शिडांच्या होड्यांचा हा क्लब. आता तिथे होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. पायऱ्या चढा. कबुतरं उडतील, घाबरू नका.

व्हरांड्यात थोडं थांबा. डेक्कन क्वीन बोरीबंदरला लागली असेल, म्हणजे पुण्याहून रोज येणारे दामोदर धर्मानंद कोसंबी आता पोचतीलच. गोव्यात जन्मलेला हा माणूस पुढे इतिहासकार म्हणून घराघरात पोचला. इथे मात्र तो गणिती आहे, आणि तुमच्या कामाचा आहे. कोसंबींनी द्वितीय कोटीच्या विकल समीकरणांकडे पाहिलं आणि विचारलं, या समीकरणांची उत्तरं म्हणजे वाटा, तर या वाटा ज्या अवकाशात धावतात त्याची भूमिती कशी असेल? समीकरण विश्लेषणातलं, प्रश्न भूमितीचा. 1933मध्ये हा निबंध जर्मनीतल्या ‘मॅथेमॅटिशे झाइटश्रिफ्ट’मध्ये छापून आला. त्याला जोडूनच एली कार्तां यांचं टिपण आलं. भूमितीतला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस आपल्या तरुणाचं काम वाचतो आणि त्यात भर घालतो! पुढे शिंग-शेन चर्न यांनीही त्यात हात घातला, आणि आज त्या शाखेला कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणतात.  

आता आत या. पंखा गरगरतोय, तरी पाठीला सदरा चिकटलाय. खिडकीतून बोटीचा भोंगा येतो आणि फळ्यावरचा आवाज क्षणभर बुडवतो. फळ्यापाशी लोरां श्वार्त्झ आहेत, पॅरिसचे. फुलपाखरं जमवायचं विलक्षण वेड असलेला हा माणूस आपल्या रानात आला असता तर परत जायचं नाव घेतलं नसतं. टोकदार, तुटक फलनांचंही विकलन करता यावं असा वितरणांचा सिद्धांत त्यांनी उभा केला आणि 1950मध्ये फील्ड्स पदक मिळवलं. म्हणजे हाडाचे विश्लेषक. पण ऐका, ते शिकवताहेत काय? कॉम्प्लेक्स अ‍ॅनॅलिटिक मॅनिफोल्ड. भूमिती!

या वर्गाची खरी गंमत फळ्यावर नाही, वहीत आहे. इथला शिरस्ता असा की बाहेरचा प्राध्यापक येऊन सलग शिकवतो आणि एक विद्यार्थी त्याची व्याख्यानं लिहून काढतो. नुसती उतरवून भागत नाही. गाळलेल्या पायऱ्या भराव्या लागतात, मग ते टंकलिखित होऊन संस्थेतर्फे छापलं जातं. चिन्हं टंकलेखन यंत्रावर नसतात, ती हाताने भरायची. घ्या लेखणी. बोटांना शाई लागेल, ती दोन दिवस जाणार नाही. श्वार्त्झ यांची ही व्याख्यानं लिहून काढणाऱ्याचं नाव एम. एस. नरसिंहन. तमिळ मुलखातल्या तंडराई गावचा, तुमच्यासारखाच खेड्यातून आलेला. विश्लेषणाची ओढ असलेला मुलगा इथे भूमितीचं पुस्तक लिहितोय, आणि लिहिल्याशिवाय सुटका नाही. के. चंद्रशेखरन यांनी इथली गणिताची शाळा उभारताना केलेल्या गोष्टींतली ही मला सर्वांत मोलाची वाटते. ‘दुसऱ्या शाखेतलं वाचत जा’ असं सांगून कोणी वाचत नाही. जबाबदारी अंगावर आली की वाचतो.

नरसिंहनबरोबरच 1953मध्ये मद्रासच्या लॉयोला कॉलेजातून आलेला दुसरा मुलगा म्हणजे सी. एस. शेषाद्री. दोघंही 1932चे, दोघंही फ्रेंच पाद्री फादर रासिन यांचे विद्यार्थी. दोघं पुढे पॅरिसला जाऊन येतील, एक श्वार्त्झ यांच्या विश्लेषणात मुरून, दुसरा बीजीय भूमितीत.

हात घट्ट धरा, नऊ वर्षं उडी मारायचीय. कुलाब्याच्या टोकाला संस्थेची नवी इमारत. खडकांवर लाटा आपटतात, ओठांवर मीठ येतं. ही मोठी झाडं कालपरवा लावलेली नाहीत. झाड तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं, हा भाभांचा हट्ट. रानातून आलेल्या माणसाला हे पाहून बरं वाटतं.

आत नरसिंहन आणि शेषाद्री एकाच प्रश्नावर बसलेत. मेदूवडा डोळ्यांपुढे आणा, पण दोन भोकांचा. त्याच्या पृष्ठभागावर प्रत्येक बिंदूला एकेक सदिश अवकाश बसवायचं, शेजारच्याशी नीट सांधून. हे झालं व्हेक्टर बंडल. भूमितीवाला विचारतो, यांतली स्थिर बंडलं कोणती? ही स्थिरतेची कल्पना डेव्हिड ममफर्ड यांची, अगदी ताजी. दुसरी वाट आंद्रे वेय यांच्या 1938च्या निबंधातून येते: बिंदूपासून निघा, भोकाभोवती फिरून परत या, आणि सोबत नेलेला बाण किती वळला ते लिहून ठेवा. लांबी तीच, फक्त वळण. नरसिंहन आणि शेषाद्री यांनी सिद्ध केलं की शून्य घाताची स्थिर बंडलं आणि अशा वळणांच्या आणखी न फुटणाऱ्या नोंदी, या दोन्ही याद्या एकच आहेत. 1965मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ने ते छापलं. 1983मध्ये सायमन डोनाल्डसन यांनी त्याची नवी सिद्धता दिली, ती भूमितीतल्या विश्लेषणाच्या जोरावर. 2006चा किंग फैसल पुरस्कार नरसिंहन आणि डोनाल्डसन यांना मिळून मिळाला.

एकट्या विश्लेषकाला किंवा एकट्या भूमितीवाल्याला 1965ची ती सिद्धता तेव्हा जमली असती असं मला वाटत नाही. नरसिंहन आणि शेषाद्री एका छपराखाली होते, घाई नव्हती, आणि एकमेकांची भाषा त्यांनी तरुणपणीच शाईने हात काळे करून शिकून घेतली होती.

आता परत चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला या. गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत विकल समीकरणं शिकवणारे आहेत आणि भूमिती शिकवणारेही आहेत. तुम्ही त्यांपैकी एक असाल तर आठवड्यातली एक दुपार दुसऱ्यासाठी राखून ठेवा. त्याच्या विषयावरची व्याख्यानं तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याला लिहून काढायला लावा आणि वहीवर त्या विद्यार्थ्याचं नाव घाला. सुरुवातीला काय वाचायचं हा प्रश्न असेल, तर श्वार्त्झ यांची, नरसिंहन यांनी लिहून काढलेली ती व्याख्यानं टाटा संस्थेने सर्वांसाठी मोफत ठेवली आहेत.