सीमाभागाचा आणखी एक पत्ता : टेलिफोन बूथपासून वेब होस्टिंगपर्यंत

निपाणीला लागून असलेल्या देवचंद महाविद्यालयाचा पत्ता आपण कधी पाकिटावर लिहिला आहे का? अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर आणि शेवटी पिन कोड ५९१२३७. जिल्हा महाराष्ट्रातला आणि पिन कर्नाटकातला! देशात पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला ४ ने सुरू होणारे आकडे आले, कर्नाटकाच्या वाट्याला ५ ने सुरू होणारे. पण अर्जुननगरला जवळचे गाव म्हणजे निपाणी, म्हणून पिनही निपाणीचाच राहिला.

सीमाभागातल्या माणसाला पत्ता सांगताना असे थोडे थांबावेच लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. घर तेच, अंगण तेच, तुळशीवृंदावन तेच. पण आजोबांचा पत्ता वेगळा, वडिलांचा वेगळा आणि आपला वेगळा.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या पत्त्यांच्या जोडीला आणखी एक पत्ता आला, तो म्हणजे वेबसाइटचा. या पत्त्यात राज्य नाही, जिल्हा नाही, तालुका नाही. फक्त आपण निवडलेले नाव असते. हा पत्ता गावाला मिळवून दिला तो एखाद्या बोळातल्या, एक-दोन संगणक मांडून बसलेल्या छोट्या दुकानदारांनी. छापखान्यांचा आणि वर्तमानपत्रांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. १९१९ साली बाबूराव ठाकूरांनी सुरू केलेल्या ‘तरुण भारत’चे नाव तर घराघरांत आहे. या नव्या धंद्याचा इतिहास मात्र अजून कोणी मांडलेला नाही. म्हणून हा प्रयत्न.

सुरुवात कित्तूरपासून

वेबसाइटच्या गोष्टीची सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते, आणि ती आपल्या जिल्ह्यातूनच करता येते. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ साली ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. भारतीय खेड्यांतला उन्हाळा आणि धूळ सोसेल, वातानुकूलित खोलीशिवाय चालेल असे छोटे स्वयंचलित एक्स्चेंज बनवण्याचे काम तिने हाती घेतले. १२८ जोडण्यांचे असे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली बसले ते राणी चन्नम्मांच्या कित्तुरात.

या एक्स्चेंजांमुळे पुढच्या दहा वर्षांत गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ उभे राहिले. रात्री दर उतरले की बूथसमोर लागणारी रांग, काचेच्या खोलीत लाल आकड्यांत पळणारे मीटर, आणि बोलणे संपले की कर्र आवाज करत बाहेर येणारी बिलाची चिठ्ठी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या दुकानदाराच्या मालकीचे म्हणावे तर काहीच नव्हते. तारा सरकारच्या, एक्स्चेंज सरकारचे. तो विकत होता ती सेवा, आणि त्यावर त्याला मिळत होते कमिशन. यंत्र दुसऱ्याचे, पण गिऱ्हाईक आपले, आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही आपला! पुढच्या सगळ्या धंद्याचे मर्म एवढेच आहे.

बूथमध्ये संगणक आला

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आज मोबाइलवर क्षणात येणारा एखादा फोटो उतरायला तेव्हा कित्येक मिनिटे लागत. शिवाय फोनची तार त्यातच गुंतलेली असे. घरात कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटलीच! सुरुवातीची केंद्रे मोठ्या शहरांत होती, त्यामुळे लांबच्या गावातून जोडायचे म्हणजे एसटीडीचा खर्च डोक्यावर. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग इंटरनेट मधल्या शहरांकडे सरकले.

नेमके त्याच वर्षी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आले. कर्नाटकभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचा कारभार इथून चालू लागला. गावात आधीपासून अभियांत्रिकी महाविद्यालये होतीच. निकाल पाहायला, अर्ज भरायला, परदेशातल्या विद्यापीठांना लिहायला मुलांना इंटरनेट हवे होते. दुसरीकडे उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना आणि यंत्रभाग बनवणाऱ्यांना ईमेलची गरज भासू लागली, कारण लांबचा खरेदीदार फॅक्सऐवजी ईमेलचा पत्ता विचारू लागला होता. टेलिफोन बूथच्या जागी सायबर कॅफे आले. आणि कॅफेत बसणाऱ्या पोराला कोणीतरी विचारले, “आमच्या कारखान्याची वेबसाइट करून देशील का रे?” छोटा वेब होस्टिंगचा धंदा असाच सुरू होतो.

वाडा आणि बिऱ्हाडे

होस्टिंग म्हणजे काय, हे आपल्या पिढीला समजायला सोपे आहे. जुन्या वाड्यात एक दरवाजा, एक विहीर आणि आत दहा बिऱ्हाडे असत. पोस्टमन दरवाजातून आत येई, नाव विचारी आणि त्या बिऱ्हाडात पत्र टाकी. सर्व्हर हा तसाच वाडा. चोवीस तास चालू असलेला, कायम इंटरनेटला जोडलेला संगणक. त्याच्या एका भागात आपल्या वेबसाइटची पाने ठेवलेली असतात. सुरुवातीला प्रत्येक वेबसाइटला स्वतंत्र आकडी पत्ता लागे. १९९७ च्या सुमारास नवे नियम रूढ झाले आणि येणारा पाहुणा कोणत्या नावाने आला आहे हे सर्व्हरला कळू लागले. मग एका आकडी पत्त्यावर शेकडो बिऱ्हाडे राहू लागली आणि भाडे खाली आले.

बेळगावच्या दुकानदाराकडे स्वतःचा वाडा नव्हता. वाडे बहुतेक अमेरिकेत होते. मुंबईत १९९८ साली भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी ‘डायरेक्टी’ सुरू केली. वडिलांकडून घेतलेल्या २५,००० रुपयांवर त्यांनी सुरुवात केली असे सांगितले जाते. पुढे त्यांच्या ‘रिसेलरक्लब’ने घाऊक माल किरकोळ दुकानदारांना देण्याची पद्धत बसवली. म्हणजे डोमेन नाव आणि होस्टिंग घाऊक भावात घ्यायचे आणि आपल्या दुकानाच्या नावाने विकायचे. नाशिकला २००५ मध्ये पीयूष सोमाणी यांनी ‘ईएसडीएस’ सुरू केली आणि पुढे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत डेटा सेंटर उभे राहिले. मोठी शहरे सोडूनही हे काम होते, हे त्यातून दिसले.

१६ फेब्रुवारी २००५ पासून ‘डॉट इन’ नावे सर्वांना खुली झाली. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत देशात अशी जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली होती. दार उघडल्यावर मात्र छोट्या दुकानदारालाही काम मिळू लागले. डॉलरमध्ये पैसे भरायला लागणारे क्रेडिट कार्ड गावातल्या गिऱ्हाइकाकडे नसे. दुकानदार रुपयांत पावती देई. बंद पडलेली वेबसाइट पुन्हा चालू करायला तोच धावे. एका वर्षाच्या भाड्यात तो वर्षभराची काळजी विकत होता.

अक्षरांची लढाई

आपल्याकडे या धंद्याला पुण्या-मुंबईपेक्षा एक काम जास्त होते. इथल्या गिऱ्हाइकाला वेबसाइट तीन भाषांत हवी असते: मराठी, कन्नड आणि इंग्रजी. तेव्हा मराठीसाठी ‘श्रीलिपी’सारखे फॉन्ट आणि कन्नडसाठी ‘बरह’, ‘नुडी’ वापरले जात. प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. बघणाऱ्याच्या संगणकात तो फॉन्ट नसेल, तर लग्नाच्या कार्यालयाची माहिती चिन्हांच्या कचऱ्यासारखी दिसे. गिऱ्हाईक म्हणे, “माझ्याकडे बरोबर दिसतंय, पण दुबईतल्या भाच्याला काहीच वाचता येत नाही.”

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण ती घरोघरच्या संगणकांत नीट उमटायला बरीच वर्षे गेली. विंडोज एक्सपीच्या काळातही भारतीय लिप्यांचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागे. त्यात मराठीचा खास ‘ऱ्य’ सतावायचा. दऱ्याखोऱ्यांतल्या ‘दऱ्या’चा समुद्रातला ‘दर्या’ होऊन बसे! अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९९६ मध्ये सुरू केलेली ‘मायबोली’ आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया यांनी मराठी माणसाला पडद्यावर मराठी वाचायची आणि लिहायची सवय लावली. युनिकोड रुळल्यावर एकाच पानावर मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी बिनतक्रार राहू लागल्या. हे काम करणाऱ्या दुकानदारांनी पाटीवरच्या भाषेचे वाद रस्त्यावर ठेवले आणि दोन्ही अक्षरे नीट दिसतील एवढे पाहिले.

ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ आले आणि वेबसाइटचे नावही मराठीतून नोंदवता येऊ लागले. मात्र रोमन अक्षरांतले नाव अजून सुटत नाही. अनेक ठिकाणी देवनागरी पत्त्याचा ईमेल आजही स्वीकारला जात नाही.

सीमा इथेही आली

वेबसाइटला सीमा नाही म्हणतो खरे, पण धंद्याला ती चुकली नाही. मोबाइलचे परवाने राज्यांच्या सर्कलप्रमाणे दिले गेले. त्यामुळे कोगनोळी नाका ओलांडला की रोमिंग लागे, आणि सीमेवरच्या घरात बसल्या-बसल्या फोन पलीकडचा टॉवर पकडे. निपाणीचा माणूस कागलच्या गिऱ्हाइकाकडे गेला की फोन उचलायचेही पैसे! २०१६-१७ नंतर ही कटकट संपली.

तोवर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणी लागत नव्हती, पण दुसऱ्या राज्यात सेवा दिली तर एका रुपयाच्या कामालाही नोंदणी सक्तीची होती. पुण्याच्या माणसाचे बहुतेक गिऱ्हाईक राज्यातलेच. निपाणीच्या माणसाचे निम्मे गिऱ्हाईक वीस-पंचवीस किलोमीटरवर, पण परराज्यात! १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने छोट्या सेवा व्यावसायिकांना यातून सूट मिळाली. साडेतीन महिन्यांचाच प्रश्न, पण देशभरासाठी केलेला नियम सीमेवर कसा बोचतो, ते त्यातून कळते.

नाव कोणाच्या नावावर आहे?

आज चित्र बदलले आहे. छोटे व्यापारी सोशल मीडियावरच्या फुकट पानावर खूश आहेत. पण फुकटचे घर आपले नसते. ‘जिओसिटीज’वरची असंख्य पाने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘ऑर्कुट’ गेले आणि तिथल्या गप्पा, फोटो, ओळखीही गेल्या.

स्वतःचे डोमेन नाव असले तरी ते विकत मिळत नाही, ते भाडेपट्ट्याने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. ‘डॉट कॉम’सारख्या नावाची मुदत संपली की काही दिवस, फार तर ४५ दिवस, सवलतीचे असतात. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते. मग ५ दिवस थांबून ते कोणालाही मिळते. पंचवीस वर्षे नावारूपाला आणलेला पत्ता तीन महिन्यांत परक्याच्या हाती जाऊ शकतो.

आपल्या मंडळांत, वाचनालयांत, पतसंस्थांत नेमके इथेच दुर्लक्ष होते. उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खिशातून नाव नोंदवतो. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी जातो, ईमेल बदलतो आणि नूतनीकरणाची सूचना कोणीच वाचत नाही. छोटा दुकानदार असे तेव्हा तो चौकात भेटला की म्हणे, “काका, या महिन्यात तुमचं नाव संपतंय हं.” आज त्या आठवणीची जबाबदारी आपल्यावर आली आहे.

म्हणून एक साधी सूचना. यंदाच्या उत्सवानंतर हिशेबाच्या बैठकीत संस्थेचे डोमेन कोणाच्या नावावर आहे ते विचारावे. ते संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर करून घ्यावे आणि मुदतीची तारीख पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. जुन्या स्मरणिका, इतिवृत्ते, मिरवणुकीचे फोटो यांची एक प्रत आपल्याकडेही असू द्यावी. आणि ज्या दुकानदाराने पंधरा-वीस वर्षे आपला हा पत्ता जपला, त्याला एकदा आरतीचा मान द्यावा.

सरकारी कागदावरचे आपले पत्ते दुसऱ्यांनी ठरवले. हा एक पत्ता आपण निवडलेला आहे. तो वेळेवर नूतनीकरण करून टिकवणे आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!