बिनतारी लहरींवरील मौन

1912 सालच्या एप्रिल महिन्यातील 14 तारखेची रात्र. उत्तर अटलांटिक महासागरात ‘कॅलिफोर्नियन’ नावाची आगबोट बर्फाच्या वेढ्यात थांबली होती. कप्तानाच्या सांगण्यावरून तिच्यावरील बिनतारी यंत्रचालक सिरिल इव्हान्स याने ही वार्ता ‘टायटॅनिक’ला कळविण्यास प्रारंभ केला. त्या वेळी टायटॅनिकवरील जॅक फिलिप्स हा केप रेस येथील किनारी ठाण्याकडे उतारूंच्या खाजगी तारा पाठविण्यात गढलेला होता. इव्हान्सची बोट समीप असल्यामुळे तिचा ध्वनी त्याच्या कानांवर एकदम आदळला. त्याने इव्हान्सला गप्प बसण्यास फर्माविले. इव्हान्स थोडा वेळ ऐकत राहिला व साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून निजावयास गेला. 11 वाजून 40 मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली. त्या रात्री सुमारे 1500 माणसे प्राणास मुकली.

फिलिप्सला दोष देणे सोपे आहे; परंतु बोट बुडेपर्यंत मदतीची हाक घालीत राहिलेला हा तरुण त्याच रात्री मरण पावला. शिवाय कप्तानाचा अधिकृत संदेश म्हणून ओळख पटविणारी सांकेतिक अक्षरे इव्हान्सने आरंभी लावली नव्हती. त्यामुळे त्याचे बोलणे सहज गप्पांसारखे भासले. त्या काळच्या ठिणगीच्या यंत्रांचा ध्वनी लहरींच्या फार मोठ्या पट्ट्यावर पसरत असे. एकाच ओसरीवर दहा जणांनी एकदम बोलू लागावे, तशी ती स्थिती होती. उणीव होती ती, कोणी केव्हा थांबावे याच्या सर्वमान्य रीतीची.

याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत कायदा झाला. संदेश पाठविणाऱ्यास परवाना सक्तीचा झाला व हौशी मंडळींना 200 मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर धाडण्यात आले. या लहरी तेव्हा निरुपयोगी समजल्या जात. त्याच आखूड लहरींवरून 1923 साली हौशी लोकांनी अटलांटिकपलीकडे दुतर्फा संभाषण साधले, ही गोष्ट वेगळी! समुद्रावर मात्र पुढे एक सुंदर नियम रूढ झाला. दर तासाच्या पंधराव्या व पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटे संकटसंदेशाच्या लहरीवर सर्वांनी मुके राहून केवळ ऐकावयाचे. आगबोटींवरील घड्याळांच्या तबकडीवर ही मिनिटे तांबड्या रंगाने दाखविलेली असत. कोठे दूरवर एखादी क्षीण हाक उठली, तर ती गोंगाटात बुडू नये, एवढाच हेतू. 1999 साली उपग्रहांचा आधार घेणारी नवी व्यवस्था पूर्णपणे अमलात आली, तोवर मोर्सच्या या पहाऱ्याची सद्दी चालली.

हौशी मंडळींचा शिष्टाचार सर्वस्वी कायद्यातून आला नाही. 1914 साली हायरम पर्सी मॅक्झिम यांनी त्यांची अमेरिकन संघटना उभारली आणि 1928 साली पॉल सीगल यांनी त्यांच्यासाठी आचारसंहिता लिहिली. तिच्या अग्रभागी दुसऱ्याविषयीचा विचार आहे. पुढे डोंगरमाथ्यांवर ‘रिपीटर’ उभे राहिले, तेव्हा या विचाराची खरी कसोटी लागली. रिपीटर एका लहरीवर ऐकतो व तेच बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवरून जोराने प्रक्षेपित करतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंत बहुधा 600 किलोहर्ट्‌झचे अंतर असते. हातात मावणाऱ्या यंत्राचा आवाज त्यामुळे कित्येक कोस जातो. परंतु एका वेळी एकालाच बोलता येते, दोघे बोलले तर दोघांचेही बिघडते. लांबलचक भाषण करणाऱ्याला आवर घालण्यासाठी अनेक रिपीटरांवर ठराविक मिनिटांनी प्रक्षेपण तोडणारे घड्याळ बसविलेले असते. त्याची वेळ पुष्कळदा तीनच मिनिटांची असते.

तथापि घड्याळाहून मोलाची रीत निराळीच आहे. बोलण्यापूर्वी ऐकावे, आपली संज्ञा सांगावी, आणि समोरच्याचे बोलणे संपताच कळ दाबू नये. एकदोन सेकंद थांबावे. नवख्याला हे थांबणे अवघडल्यासारखे वाटते. पण रानात वाट चुकलेल्या, यंत्राची विद्युत्‌घटमाला संपत आलेल्या एखाद्याला आपली संज्ञा उच्चारण्यास तेवढीच फट मिळते. ती ऐकू येताच चाललेले संभाषण जागच्या जागी थांबते व लहर त्याच्या स्वाधीन होते.