ताजी कुकी, गोठवलेली कुकी

बेकरीच्या भट्टीतून नुकतीच निघालेली कुकी आणि दुकानातल्या फ्रीझरमधून आणलेली गोठवलेली कुकी यांत खरा फरक कोणता? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात मात्र कुकीपासून नव्हे, तर पावापासून होते.

पाव वाळतो म्हणून शिळा होतो, असे पूर्वी मानत. १८५२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो याने सहा दिवसांचा शिळा पाव पुन्हा भट्टीत ठेवला. त्यातले पाणी आणखी कमी झाले, तरी पाव ताज्यासारखा मऊ झाला! म्हणजे कारण निव्वळ पाणी उडून जाणे हे नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉलंडच्या काट्झ याने क्ष-किरणांच्या साहाय्याने या कोड्याची उकल केली. भाजताना पाणी शोषून फुगलेला पिष्टमय पदार्थ थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा स्फटिकरूप घेऊ लागतो. ही क्रिया शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत वेगाने होते. ६० अंशांच्या वर आणि गोठणबिंदूच्या बरेच खाली ती जवळजवळ थांबते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नव्हता. लोकांना सकाळी ताजा पाव मिळावा म्हणून बेकरीतले कामगार रात्रभर भट्टीपुढे राबत. पाव ताजा ठेवता आला, तर त्यांना रात्रीची झोप मिळणार होती. काट्झच्या संशोधनामागे हीच निकड होती. १९२५ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेकऱ्यांतील रात्रपाळीला मनाई करणारा करार संमत केला. त्यातून घाऊक बिस्किट-उत्पादन मात्र वगळले होते.

बिस्किट-कुकीचा स्वभावही पावाहून वेगळा असतो. तिच्यात साखर व स्निग्धांश भरपूर, पाणी थोडे. त्यामुळे पिष्टमय पदार्थ फारसा फुगतच नाही. म्हणून उघडा पाव कडक होतो, तर उघडी कुकी हवेतला ओलावा शोषून मऊ पडते.

अन्न झटपट गोठवण्याची पद्धत अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय याने रूढ केली. लॅब्रॅडॉरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेले मासे त्याने पाहिले होते. जलद गोठवल्यास बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि पदार्थाची घडण कमी बिघडते. १९३० साली स्प्रिंगफील्ड शहरात असे अन्न दुकानांत विक्रीस आले.

कुकीला गोठणे चांगले मानवते. पावाच्या कणकेतील यीस्ट सजीव असते, गोठताना त्याच्या पेशींना इजा होते. खाण्याच्या सोड्याला ती भीती नाही. म्हणून कुकीचे कच्चे गोळे गोठवून ठेवले आणि घरी भाजले, तर भट्टीतला खमंग वास तेव्हाच तयार होतो; ती कुकी ताजीच म्हणायची. भाजून गोठवलेल्या कुकीचा वास मात्र काहीसा उणावतो. शिवाय गार कुकी उघडी ठेवली, तर तिच्यावर हवेतली वाफ साचते आणि कुरकुरीतपणा जातो. ती बंद वेष्टनातच साध्या तापमानाला येऊ द्यावी, मग थोडी गरम करावी.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच पावाचे तीन तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत घट्ट बांधून एक बाहेर, एक फ्रिजमध्ये व एक फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा. नंतर सर्व साध्या तापमानाला आणून दाबून पाहा. सर्वांत कडक कोणता, याचा अंदाज विद्यार्थ्यांनी आधीच वहीत लिहून ठेवावा. शेजारी एक बिस्किट उघडे ठेवायला विसरू नका.