कूस बदलणारा मतदार : मॅकॉम्बची साक्ष

पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला आपण ‘आयाराम-गयाराम’ म्हणतो. पक्ष बदलणारा मतदार मात्र एक तर भोळा ठरतो, नाही तर लबाड. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मॅकॉम्ब परगण्याचे आकडे वहीत उतरवू लागलो, तेव्हा माझाही समज याहून वेगळा नव्हता.

डेट्रॉइटच्या उत्तरेचा हा परगणा मोटार कामगारांचा. 1960 मध्ये तो केनेडींच्या मागे उभा राहिला. 1964 मध्ये जॉन्सन यांना तिथे चारांतली जवळजवळ तीन मते पडली. वीस वर्षांनी, 1984 मध्ये, त्याच परगण्यातली सुमारे दोन-तृतीयांश मते रिपब्लिकन रेगन यांच्या पदरात गेली.

मधल्या काळात 1967 ची डेट्रॉइटची दंगल झाली. शाळांतील वर्णभेद मोडण्यासाठी शहर आणि उपनगरांतील मुलांना बसने परस्परांच्या शाळांत नेण्याचा न्यायालयीन आदेश निघाला. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण मने आंबली ती आंबलीच. पुढे मोटारधंद्यातील मंदीने रोजगारही गेले. 1985 मध्ये स्टॅन्ले ग्रीनबर्ग यांनी या मतदारांना बोलते केले. पक्ष आता आपला राहिला नाही, कृष्णवर्णीयांचा झाला, असा त्यांचा सूर होता.

लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांना 1940 च्या निवडणुकीत पक्ष बदलणारा मतदार राजकारणाविषयी उदासीन दिसला होता. व्ही. ओ. की यांनी, 1966 साली मरणोत्तर आलेल्या ग्रंथात, उलट बाजू मांडली : हा मतदार मूर्ख नाही, सरकारची कामगिरी आणि धोरणे पाहूनच तो बाजू बदलतो.

मला की यांचे म्हणणे पटते, पण अर्धेच. मॅकॉम्बच्या मतदाराकडे कारण होते, यात शंका नाही. मात्र कारण असणे म्हणजे न्याय असणे नव्हे. केवळ वर्णद्वेषानेही सारे उलगडत नाही, कारण 2008 आणि 2012 मध्ये याच परगण्याने ओबामांना कौल दिला आणि 2016 मध्ये ट्रम्प यांना. अर्थात पन्नास वर्षांत पिढ्या बदलतात, माणसे येतात-जातात. परगण्याची बेरीज म्हणजे एका माणसाचे मन नव्हे.

तरी एवढे नक्की : मतदार पक्ष सोडतो, त्याच्या पुष्कळ आधी पक्षाने आपल्याला सोडले असे त्याला वाटू लागलेले असते. ते वाटणे खरे किती आणि पूर्वग्रह किती, हे वेगळे करून पाहणे हेच अभ्यासकाचे काम. भोळा किंवा लबाड म्हणून मोकळे झालो, की ते काम टळते.